जुळे नाही हो, झेरॉक्सची झेरॉक्स

'मल्टिप्लिसिटी' या इंग्रजी सिनेमाबद्दल कुणी म्हणतं, 'हा म्हणजे आपला डबल रोलच, फक्त चारपट'. हे काही पटलं नाही बघा. डबल रोलमध्ये जत्रेत हरवलेला जुळा भाऊ असतो. इथं मायकेल कीटनचा डग बांधकामाच्या धंद्यातला. घर अन् काम दोन्ही आवरेना म्हणून स्वतःचीच नक्कल काढून घेतो. दुसरा रांगडा, तिसरा हळवा, घरकामात रमणारा. खरी मजा चौथ्याची. तो मूळ डगवरून काढलेलाच नाही, नकलेची नक्कल आहे, म्हणून डोक्यानं अर्धवट.

आमच्या परभणीत हे समजावून सांगावं लागत नाही. पीककर्जासाठी मी सातबारा नेला, तो झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. गट नंबरातला 8 झिजून 3 दिसायला लागलेला. खिडकीतल्या साहेबांनी कागद परत ढकलला, "ही जमीन तुमची न्हाई की!" चौथा डग पडद्यावर आला की मला तोच कागद आठवतो.

विज्ञानाच्या नावानं मात्र बोंब आहे. सिनेमा जुलै 1996 चा, अन् मोठ्या मेंढीच्या पेशीपासून काढलेली नक्कल, म्हणजे क्लोन, असलेली डॉली मेंढीही त्याच महिन्यात स्कॉटलंडात जन्मली. पण ती कोकरू म्हणूनच जन्मली, सिनेमातल्या डगच्या नकलांसारखी आठवणींसकट तयार मेंढी नव्हे. म्हणजे मी माझा क्लोन काढला तर आधी त्याची दुपटी धुवा, अन् पेरणीला गडी मिळायला 20 वर्षं थांबा. दिग्दर्शक हॅरल्ड रामिस या भानगडीत पडला नाही ते बरंच केलं. डगच्या बायकोची रुसारुशी तेवढी जरा लांबलीय.