मदत हवी आहे : गाळातून झिरपणारं नत्र आणि धातू, एका दिवसाच्या चाचणीवर विसंबावं का?

नमस्कार मंडळी,

सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या डायजेस्टरमधून (गाळ कुजवण्याची बंद टाकी) निघालेला वाळवलेला गाळ जमिनीत मिसळला तर पावसाबरोबर काय खाली झिरपेल, यावर माझा एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. दोन पद्धती वापरल्या आणि दोन्हींची उत्तरं जुळेनात.

पहिली नेहमीची, हलवण्याची चाचणी. एक किलो कोरड्या गाळाला दहा लिटर पाणी, २४ तास, मग ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून. नायट्रेट जवळजवळ नाही, जस्त आणि कॅडमियम अगदी कमी.

दुसरी, गाळ मिसळलेल्या मातीचा कॉलम, म्हणजे माती भरलेली उभी नळी, वरून पाणी सोडायचं आणि खाली झिरपलेलं तपासायचं. पहिलं पाणी गडद तपकिरी, त्यात अमोनियम आणि अपेक्षेपेक्षा बरंच जास्त तांबं. चौथ्या आठवड्यापासून नायट्रेट चढतंय, सामू (pH) साडेसातवरून सहाच्या खाली आलाय आणि त्याच्यामागोमाग जस्त वाढतंय. शिसं मात्र जागचं हललेलं नाही. एका कॉलमचा निचरा तुंबला होता, त्यात फॉस्फेट एकदम वर गेलं. केंद्रात फेरिक क्लोराइड (लोहाचा क्षार) वापरतात, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस, फॉस्फेटमधलं) लोहाला पक्कं बांधलेलं असायला हवं ना? माझं कुठे चुकतंय? अहवालात 'गाळ निर्धोक' लिहायला हात धजत नाही, उद्या त्याच जमिनीखालचं पाणी कोणीतरी पिणार आहे.

प्रतिसाद १ :
चुकलेलं वाटत नाही. २४ तासांत जीवाणूंना वेळच मिळत नाही. सेंद्रिय नत्राचं अमोनियम आणि त्याचं नायट्रेट व्हायला आठवडे लागतात. एका अमोनियम आयनामागे दोन हायड्रोजन आयन सुटतात, म्हणून सामू घसरतो आणि जस्त, कॅडमियम, निकेल मोकळे होतात. नायट्रेट ऋणभारित, त्यामुळे माती त्याला फारसं धरत नाही. तांब्याची तऱ्हा वेगळी. ते विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थाला चिकटून फिल्टरमधूनही पार होतं. तपकिरी रंग त्याचाच. चुना घालून जस्त आवरेल, तांबं आवरेलच असं नाही.

तुंबलेला कॉलम टाकून देऊ नका! प्राणवायू संपला की फेरिक लोहाचं फेरस होऊन ते विरघळतं आणि त्याला बांधलेलं स्फुरद सुटतं. त्या पाण्यात लोह मोजलंत का? आणि तुलनेसाठी, गाळ न घातलेल्या नुसत्या मातीचा कॉलम लावलाय ना?

धागाकर्ती :
लोह मोजलं नाही, पण धातूंसाठी नायट्रिक आम्ल घालून ठेवलेल्या बाटल्या आहेत, त्यातूनच बघते. नुसत्या मातीचा कॉलम लावलेला नाही, तो उद्याच लावते. अजून एक, जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची नायट्रेटची ५० मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा कॉलमच्या पाण्याला थेट लावावी का?

प्रतिसाद २ :
थेट नको. ती पिण्याच्या पाण्याची आहे, झिरपलेलं पाणी भूजलात मिसळून पातळ होतं. आधी तुमचे आकडे नायट्रेटचे आहेत की नायट्रेट-नत्राचे (म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नत्राचे) ते बघा, कारण ५० नायट्रेट म्हणजे नत्र साधारण ११च. शिवाय एकेका दिवसाच्या आकड्याऐवजी दर किलो गाळामागे आजवर एकूण किती बाहेर पडलं ते मांडा. आणि नायट्रेट चढतंय तोवर कॉलम बंद करू नका.