पपेनसारखे विकर (एन्झाइम) वनस्पतीपेशींच्या संवर्धनातून काढणे परवडेल का?

प्रश्न (ऊतिसंवर्धनाचा विद्यार्थी):
आमच्या खानदेशात कच्च्या पपईला पहाटे चिरा देऊन चीक गोळा करतात आणि तो वाळवून पपेन हे मांस मऊ करणारे विकर काढतात. मी प्रयोगशाळेत गाजराचा कॅलस (पेशींचा गोळा) वाढवतो. इस्रायलमध्ये गाजराच्या पेशींतून औषधी विकर बनवतात, असे वाचले. मग पपेनही फ्लास्कमध्ये का बनवू नये?

उत्तर १:
पपेनसाठी हा मार्ग आतबट्ट्याचा ठरेल. जीवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात, तर गाजराच्या पेशींना त्यासाठी दिवस-दोन दिवस लागतात, आणि तेवढा वेळ साखर, क्षार व संप्रेरके असलेले माध्यम निर्जंतुक ठेवावे लागते. मांस मऊ करणाऱ्या पुडीसाठी एवढा खर्च कोण सोसणार? पपईचे झाड हे काम उन्हावर करते.

उत्तर २:
वरील मत पपेनपुरते योग्य आहे. परंतु आपण वाचलेले उदाहरण निराळ्या कारणाने यशस्वी झाले. कार्मिएल येथील प्रोटॅलिक्स कंपनीच्या टॅलिग्लुसरेज अल्फा या विकराला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मे २०१२ मध्ये गोशे रोगासाठी मान्यता दिली. या रोगात साठलेली चरबी जिरवण्यासाठी विकर महाभक्षी पेशींच्या (मॅक्रोफेज) आत पोहोचावे लागते, आणि त्या पेशी ते आत ओढतात ते त्याला जोडलेल्या शर्करासाखळीच्या टोकाशी उघड्या असलेल्या मॅनोज या शर्करेला ओळखून. याच रोगावरील, सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवलेल्या इमिग्लुसरेजमध्ये मॅनोज उघडे पडावे म्हणून साखळीची वरची टोके शुद्धीकरणाच्या वेळी वेगळ्या प्रक्रियेने छाटावी लागतात. गाजराच्या पेशीत मात्र विकर रिक्तिकेकडे (पेशीतील द्रवाने भरलेल्या पोकळीकडे) धाडणारा संकेत जोडला, की तेथील विकरेच हे काम उरकतात. खरी मेख येथे आहे; स्वस्ताई हा मुद्दा मला नेहमीच दुय्यम वाटत आला आहे.

शिवाय २००९ मध्ये अमेरिकेतील ऑलस्टनच्या कारखान्यात प्राणिपेशींच्या संवर्धनात व्हेसिव्हायरस शिरल्याने इमिग्लुसरेजचा जगभर तुटवडा पडला. असा विषाणू गाजराच्या पेशीत वाढत नाही. मात्र वनस्पतींच्या शर्करासाखळीत झायलोज आणि विशिष्ट जोडणीचा फ्युकोज या शर्करा असतात व त्या मानवी प्रथिनांच्या अशा साखळ्यांवर नसतात. त्यामुळे प्रतिपिंडे तयार होतात का, हे तपासावेच लागते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पपेनचा विचार सोडतो. गाजराचे द्रव संवर्धन मात्र चालू ठेवले आहे. शेकरवरील (हलवत ठेवणाऱ्या यंत्रावरील) फ्लास्क गढूळ दिसतो. तो बिघडला असेल का?

उत्तर २:
शेकर बंद करून दहा मिनिटे थांबावे. पेशींचे गुच्छ तळाशी बसून वरचे माध्यम नितळ झाले, तर काळजी नाही. वरचा भाग तसाच दुधाळ राहिला, तर जीवाणू शिरले आहेत. अशा वेळी फ्लास्क न उघडता सरळ ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) टाकावा.