मटण कधी लोण्यासारखं, कधी चिवट. कुकर बदलू की खाटीक?

रविवारची_पिशवी:
मंडळी मदत करा. पुण्यात राहतो, दर रविवारी किलोभर बोकडाचं मटण करतो, खाटीक ओळखीचा, तरी दोनदा मस्त होतं आणि तिसऱ्यांदा हमखास चिवट. गेल्या रविवारी सासरे जेवायला होते, एकच फोड किती वेळ चघळत बसले आणि शेवटी "रस्सा छान झालाय हो" म्हणाले, मी काय ते समजलो. माझी पद्धत अशी की धुऊन हळद, मीठ, आलं-लसूण लावून तासभर ठेवायचं, कांद्यावर परतायचं, टोमॅटो घालायचा आणि कुकरला चार शिट्ट्या. कुकर ५ लिटरचा, ॲल्युमिनियमचा, लग्नातला. बायको म्हणते जाड बुडाचा स्टीलचा घेऊ, आई म्हणते पातेल्यात शिजव, कुकरचं मटण म्हणजे हॉस्पिटलचं जेवण. खर्च करू का सांगा.

तांबडा_आधी:
कुकरला कशाला बोल लावताय, शिट्ट्या मोजणं बंद करा आधी. गॅस मोठा असला की चार शिट्ट्या पाच-सात मिनिटांत होतात, मटण काय शिजणार त्यात? पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा आणि घड्याळ लावून २० ते २५ मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्यायची, चमच्याने शिट्टी उचलून फुस्स करायचं नाही. आत साधारण १२० डिग्री तापमान असतं, कुकर आपलं काम करतोय, तुम्हीच त्याला वेळ देत नाही.
दुसरं म्हणजे कुठला भाग घेता? लोक "मांडीचं द्या" म्हणून रुबाब करतात, मांडी दिसायला भारी पण रश्श्याला पुढचा भाग घ्या, खांदा, मान, थोडा सीना आणि नळ्या मागून घ्या. त्यात चिकट पांढरे पडदे असतात ना, तेच हळूहळू विरघळून रस्सा ओठाला चिकटतो. आमच्याकडे कोल्हापूरला मटण आधी हळद-मीठ-आलं-लसणात शिजवून त्याचं पाणी बाजूला काढतात, ते अळणी पाणी (नावालाच अळणी, मीठ असतंच). पहिली वाटी पोरांना, उरलेल्यातून नारळाचं दूध घालून पांढरा आणि कांदा-लसूण चटणी घालून तांबडा. टोमॅटो मात्र आमच्या मटणात बघितला नाही कधी.

झाकणात_पाणी:
आईचं ऐका!! मी मालवणची, आमच्याकडे सागोती अजून टोपातच होते. खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओतायचं, ते गरम झालं की लागेल तसं तेच मटणात घालायचं, गार पाणी अजिबात नाही. बारीक आचेवर दीड तास तरी जातो, बोकड जून असेल तर दोन, पण मधे मधे झाकण काढून फोड दाबून बघता येते, कुकरमधे सगळा अंधार. वाटपाचा कांदा-खोबरं लोखंडी तव्यावर काळपट होईस्तोवर भाजा, मिक्सर कुठलाही चालेल, फक्त दोन-तीनदा थांबून थांबून फिरवा. पाटा-वरवंटा आहे माझ्याकडे, पण खोटं कशाला बोलू, वर्षातून एकदा निघतो.

बीडाचं_भांडं:
इंग्लंडमधून लिहितोय. इथे बोकड सगळीकडे मिळत नाही, मग लॅम्बचा खांदा. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) जड झाकणाच्या भांड्यात मसाला परतून घेतो आणि भांडं तसंच ओव्हनमधे १५० डिग्रीला अडीच-तीन तास, ढवळायची भानगड नाही. लॅम्बला चरबी फार सुटते, वरची काढून टाका नाहीतर वास येतो. मांसात टोचायचा थर्मामीटर घेतलाय, खांदा ९० च्या पुढे गेला की काटा आपोआप आत जातो. बायको हसते, आईला तर फोटो पाठवायची सोय नाही.
पण मूळ प्रश्नाचं उत्तर वेगळंच वाटतंय मला. सकाळी कापलेलं कधी तासा-दोन तासांत आणि कधी चार-पाच तासांनी शिजवता का? कापल्यावर काही तासांनी मांस ताठरतं, त्या अवस्थेत शिजवलं की चिवटच. शनिवारी आणून रात्रभर फ्रिजमधे ठेवा, ताठरपणा उतरतो.

सावजी_प्रेमी:
शॉर्टकट पाहिजे तर कच्च्या पपईचा कीस, किलोला एक चमचा, अर्धा तास बस. माझ्या भावाने वाटीभर लावून रात्रभर ठेवला, सकाळी मटणाच्या पैशात खिमा मिळाला, तोही पिठूळ. रश्श्याला मी लावत नाही, सुक्याला आणि भाजायला ठीक आहे.

रविवारची_पिशवी:
भावांनो आणि ताई, रिपोर्ट देतोय. बीडवाल्यांनी बरोबर पकडलं, चिवट झालेल्या दोन्ही वेळा मी सकाळी ७ ला आणून दुपारी शिजवलं होतं, बाकी वेळा शनिवारचं होतं. या वेळी शनिवारी संध्याकाळी आणलं, पुढचा भाग, चार नळ्या, टोमॅटो काढला, जुनाच कुकर, बारीक गॅसवर २५ मिनिटं. हाडापासून सुटून आलं. कुकर नाही घेतला, बायको नाराज.

तांबडा_आधी:
ते सगळं ठीक, नळी कोणाला वाढली?

रविवारची_पिशवी:
सासऱ्यांना. दोन. ताटावर आपटून आपटून खाल्ली, रश्श्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.