किल्लारीच्या भूकंपानंतर कोण येत राहिलं?

काल विसर्जन झालं. ढोल थांबले तशा सासूबाई अंथरूण घेऊन अंगणात गेल्या. त्या सास्तूरच्या. १९९३ला २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. मिरवणुकीहून दमून सगळे झोपले आणि पहाटे चारच्या सुमाराला गाव बसलं. इतक्या वर्षांनीही विसर्जनाच्या रात्री त्या छताखाली झोपत नाहीत. काल म्हणाल्या, "पहिल्या महिन्यात ट्रकनं माणसं आली. नंतर येत राहिली ती दोन-तीनच." त्या दोन-तिघांबद्दल लिहाल का? किंवा तुम्ही कुणाकडे जात राहिला असाल तर तेही.

—

आमची आई दाराला कडी लावू द्यायची नाही. आई गेली, पण मीही अजून लावत नाही.

—

एनएसएसमधून गेले होते. पाऊस, चिखल, आणि वाटलेल्या कपड्यांचे गठ्ठे रस्त्याकडेला भिजत पडलेले. पत्र्याच्या शेडमधल्या एका आजींना कपडे नको होते. त्यांना सुनेबद्दल बोलायचं होतं. दिवाळीला परत गेले, मग दर दिवाळीला. आजी गेल्या, आता नात फोन करते, "आत्या, कधी येतीस?"

—

कुकर लावलाय, संध्याकाळी लिहिते. सासूबाईंना नमस्कार सांगा.

—

भारतीय जैन संघटनेनं जवळपास १२०० पोरं शिकायला पुण्याला नेली, मी त्यातला. रात्री ओरडत उठायचो. स्वयंपाकाच्या मावशी उशाशी येऊन बसायच्या, हाताला कांद्याचा वास. दर ३० सप्टेंबरला त्यांना फोन लावतो. त्या भूकंपाचं काही काढत नाहीत. "जेवलास का?" एवढंच.

—

वरचं वाचून डोळे भरले, दादा.

—

घरांबद्दल बोलू का? दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं ओझं, तेच अंगावर आलं. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली, घरं पक्की झाली. पण जुन्या गावात भिंतीला भिंत होती, चुलीपासून हाक मारली की शेजारीण यायची. नव्या गावात रुंद रस्ते, म्हातारी माणसं एकटी पडली. आणि भरतीत भूकंपग्रस्तांना २ टक्के समांतर आरक्षण आहे, पण प्रमाणपत्र नातवाच्या नावावर करायला आजोबांनी किती चकरा माराव्यात? सोबत जाऊन अर्ज भरून दिला तर तीही मदतच. मी आतापर्यंत चौघांचे भरले.

—

कोयनेकडचं कुणी आहे का? ११ डिसेंबर १९६७. आजोबा फार सांगायचे.

—

मी पाटणची! वेगळा धागा काढा, येते.

—

अर्जाचं विचारायचं होतं, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

—

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. एनएसएसवाल्या ताई, त्या विचारतायत, तुमच्या आजी सास्तूरच्याच का? कोणत्या गल्लीतल्या?