दोन महिन्यांचं पिल्लू गालिच्यावरच शू करतं

कोथरूड, तिसरा मजला. लॅब्रॅडॉर कुत्र्याचं पिल्लू, ८ आठवड्यांचं. पेपर पसरलाय, तरी गालिचाच आवडतो. खाली कधीपासून न्यावं?

उत्तर १: गालिचा आधी गुंडाळा. या वयात शू जेमतेम २-३ तास धरवते. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच पेपरवर न्या. तिथे केली की त्याच क्षणी खाऊ. उशिरा दिलात तर कशाबद्दल मिळाला ते कळत नाही. डागावर एन्झाइमवालं क्लीनर मारा. अमोनियावालं नको, त्याचा वास शूसारखाच.

उत्तर २: आणि शिक्षा म्हणून शूमध्ये त्याचं नाक घासू नका हो! लपून करायला शिकतं, एवढंच.

उत्तर ३: पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा आजार, त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. १६ आठवड्यांपर्यंतचे लसीचे डोस होईतो पार्किंगमध्ये सोडू नका. तोवर कडेवर घेऊन रिक्षांचे आवाज ऐकवा, सवय होते. रेबीजची लस ३ महिन्यांनंतर. सर्टिफिकेट जपा, महापालिकेच्या परवान्याला लागतं.