मदत हवी आहे: गाडी रेषेत जमते, रंगवली की प्लास्टिकची दिसते

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, विश्रामबागला राहतो. नोकरी हिशेबाची, गाड्या काढायचा नाद शाळेपासूनचा. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती, त्यानंतर कुणाकडे शिकलेलो नाही.

सध्या शेजारच्या काकांची लाल प्रीमियर पद्मिनी काढतोय. काकांनी ती हल्लीच रंगवून घेतली आहे, क्रोमची पट्टी, बंपर सगळं लख्ख. कार्ट्रिज पेपरवर (चित्रकलेचा जाडसर कागद) बॉलपेनने रेषा काढतो आणि वरून अल्कोहोल मार्कर. रेषेपर्यंत घरचे "वा" म्हणतात. रंग चढला की ती जत्रेतल्या खेळण्यासारखी दिसायला लागते. वरच्या बाजूला फिकट लाल, खाली गडद लाल, मधे दोन्ही मिसळून घेतो. शेडिंग पुस्तकात सांगतात तसंच आहे, पण चकाकी येत नाही ती नाहीच.

दुसरा त्रास मागच्या चाकाचा. तिरक्या कोनातून काढलं की पुढचं बसतं, मागचं बाहेर पडायला आल्यासारखं वाटतं. शिवाय मार्कर कागदात फुटतो आणि बॉलपेनची शाई ओढली जाते.

टॅबलेट घ्या असं कुणीतरी सांगणारच, त्यालाही ना नाही. पण आधी हाताने जमवायचंय.

चाकोरी
चाकाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. तिरकं बघितलं की चाक लंबवर्तुळ दिसतं, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. त्या लंबवर्तुळाचा आखूड अक्ष ॲक्सलच्या रेषेवरच पडला पाहिजे, हे मात्र बरेच जण बघत नाहीत. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी ॲक्सलची रेष पेन्सिलने आरपार काढा, मग तिच्यावर चाक बसवा. तुम्ही बहुतेक मागचं लंबवर्तुळ सरळ उभं काढत असणार. आणि दोन्ही चाकं सारखीच रुंद काढू नका. एकाच बाजूच्या चाकांपैकी जवळचं जास्त गोल दिसतं, लांबचं जास्त चपटं. लंबवर्तुळांची प्लास्टिकची पट्टी मिळते, तिच्यावर अंश लिहिलेले असतात. पुढच्याला ४० अंशांचं भोक वापरलंत तर मागच्याला ३० किंवा ३५ चं लागेल.

प्रमाणासाठी स्विफ्ट घ्या. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, २४५० मिमी, १८५/६५ आर१५ टायरचा व्यास सुमारे ६२० मिमी. म्हणजे बाजूने पाहिलं तर दोन चाकांच्या मधल्या जागेत जवळजवळ तीन चाकं मावतात. पद्मिनीचा व्हीलबेस २३४० आहे, टायर तुम्ही टेप लावून मोजा, काका नाही म्हणणार नाहीत. कंपन्यांच्या कॉन्सेप्ट स्केचमध्ये चाकं मुद्दाम फुगवलेली असतात, ती बघून पद्मिनी काढाल तर ती पद्मिनी राहणार नाही.

मिरजेचा रंगारी
मला चित्रातलं कळत नाही. मिरजेत माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, म्हणून चकाकीपुरतं बोलतो.

प्रायमर (रंगाआधीचा बिनचमकीचा थर) मारलेली गाडी आणि पॉलिश झालेली गाडी शेजारी-शेजारी उभी करा. प्रायमरवाली वर उजळ, खाली काळपट, मधे हळूहळू बदल. तुम्ही लिहिलंय ना, अगदी तशीच. मालक, तुम्ही प्रायमर रंगवताय. पॉलिश केलेल्या पत्र्यात ट्यूब दिसते, गेट दिसतं, उभा असलेला माणूस दिसतो. लाल रंग त्याच्या आत असतो.

पुट्टी घासून झाली की आम्हाला पत्रा सरळ झाला का हे नुसतं बघून कळत नाही. हात फिरवतो, मग पाणी मारतो आणि तिरपं बघतो. ओल्या पत्र्यात ट्यूबलाइटची रेघ पडते. रेघ सरळ गेली तर पत्रा सरळ, वळवळली तर तिथं खड्डा. तेव्हा चित्रात ती रेघ काढा. मडगार्डच्या फुगवट्यावर ती वाकलीच पाहिजे. फुटपट्टीने सरळ ओढलीत तर आमच्या हिशेबाने मडगार्ड चेपलेला आहे.

सातारी पेन्सिल
वरचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावा.

त्याचंच कागदावर कसं करायचं ते सांगतो. गाडी मोकळ्या माळावर उभी आहे असं धरा. बॉनेट, टप, खांद्याची (खिडक्यांच्या खालची) कड हे आकाशाकडे तोंड करून असतात, त्यांच्यात आकाश पडतं. तिथे फिकट लाल नको, जवळपास पांढरा, किंचित निळसर. दाराचा उभा भाग क्षितिजाकडे बघतो, तिथे समोरच्या झाडीचा गडद पट्टा येतो. त्याच्याखालचा, आत वळणारा पत्रा जमीन दाखवतो, म्हणून तो पुन्हा थोडा उजळ आणि मातकट. तुमचा खरा भरगच्च लाल कुठे? त्या गडद पट्ट्याच्या आसपास, कारण तिथे वरून उजेड मिसळत नाही. पट्ट्याची वरची कड धारदार ठेवा, मिसळू नका. अर्धी चकाकी त्या कडेतच आहे.

क्रोमला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच. वर निळा, क्षितिजाकडे येता येता पांढरा, मग एकदम काळपट तपकिरी, खाली जाताना फिकट. पद्मिनीचा बंपर गोलसर, त्यामुळे हे सगळं दोन बोटांच्या रुंदीत दाबून बसवायचं.

धागाकर्ता
तिघांनाही दंडवत! प्रायमरचं वाचून हसलो आणि मग सगळी जुनी पानं काढून बघितली. सगळी प्रायमरमध्येच आहेत.

एक शंका. काकांची गाडी बोळात उभी असते. तिच्यात कंपाउंड, वायरी, वाळत घातलेले कपडे, मी स्वतः, सगळं दिसतं. हे सगळं काढायचं का?

सातारी पेन्सिल
अजिबात नको. आकार बोळातल्या गाडीचा घ्या, प्रतिबिंब दुसरीकडचं. जत-कवठेमहांकाळच्या बाजूला गेलात तर सपाट माळ आणि स्वच्छ क्षितिज मिळतं. तिथे रस्त्याकडेला उभी असलेली कुठलीही गाडी बघून घ्या आणि तेच पद्मिनीवर चढवा.

उभं राहून काढत असाल तर डोळ्यांची पातळी साधारण दीड मीटर, म्हणजे क्षितिजाची रेष गाडीच्या टपाच्या आसपास येते. टप जास्त दिसायला लागला तर तुम्ही गच्चीवरून बघताय. पायरीवर बसून काढलं तर गाडी रुबाबदार दिसते, मला तरी तेच आवडतं.

अबचौवाली
कागदाचं कुणी बोललंच नाही, म्हणून मी. कार्ट्रिज पेपर शाई पितो, त्यावर मार्कर फुटणारच. मार्कर पेपर सांगलीत नाही मिळाला तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात विचारा किंवा ऑनलाइन मागवा. सरावाला साधा झेरॉक्सचा कागद चालतो, खाली रद्दी ठेवा.

बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून ती ओढली जाते. मूळ रेखाटन जपून ठेवा आणि त्याच्या झेरॉक्स काढून त्यांवर रंगवा. झेरॉक्सची शाई, म्हणजे टोनर, सहसा पसरत नाही, तरी कोपऱ्यात एकदा घासून बघा. शिवाय एक बिघडली तरी दुसरी प्रत आहे. करड्या मार्करचा अख्खा संच घेऊ नका, थंड (निळसर) करड्यातले ३, ५, ७ नंबर पुरतात. आकाशाचा मऊ उतार मार्करने निघत नाही. कोरड्या पेस्टलची ब्लेडने भुकटी करून कापसाने चोळा, पण मार्करचं काम संपल्यावर, नाहीतर मार्करचं टोक खराब होतं. पांढरा पोस्टर कलर बारीक ब्रशने अगदी शेवटी.

आणि टॅबलेट घेतलाच तर क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात लंबवर्तुळ आणि लोपबिंदूसाठी (लांब जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू) मदतीच्या रेषा आहेत.

मिरजेचा रंगारी
लाल गाडीपासून सुरुवात करू नका. काळी घ्या, तिच्यात नुसतं प्रतिबिंबच दिसतं, रंगाची भानगड नाही. माझ्याकडे एक काळी स्कॉर्पिओ पॉलिशला आलीय. शनिवारी संध्याकाळी ट्यूब लावून बघणार आहे, वही घेऊन या.

धागाकर्ता
येतो! पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज.