‘समजात’ आणि ‘सदृश’ : भुंगेऱ्यांच्या अंतर्रचनेच्या निमित्ताने

प्रश्न : भुंगेऱ्यांच्या अंतर्रचनेवरील एका लेखाचे मी संपादन करीत आहे. त्यात अवयवांना कोठे ‘समजात’ तर कोठे ‘सदृश’ म्हटले आहे. वाचकांच्या सोयीसाठी दोन्ही ठिकाणी ‘सारखे’ असा बदल केला तर चालेल का?

उत्तर : कृपया तसे करू नये, कारण अशा लेखाचा सगळा युक्तिवाद या दोन शब्दांतील फरकावरच उभा असतो. ‘समजात’मधील ‘जात’ हे ‘जन्’ धातूपासून झालेले विशेषण असून ‘एकाच मुळातून जन्मलेले’ असा त्याचा अर्थ आहे. त्याऐवजी काही जण ‘सजातीय’ लिहितात, ते मला चुकीचे वाटते. ‘सदृश’ म्हणजे केवळ रूपाने किंवा कार्याने सारखे.

तळ्यात पोहणारे डिटिसिडी आणि हायड्रोफिलिडी या दोन कुलांतील भुंगेरे पाहावेत. दोहोंचे शरीर लंबगोल आणि गुळगुळीत असते. विच्छेदन केल्यावर मात्र पहिल्याचे वृषण एकाच लांब, वेटोळे घातलेल्या नळीचे दिसते, तर दुसऱ्याचे अनेक पुटकांचे (लहान पिशव्यांचे). पहिल्याच्या अंडनलिकेत (अंडाशयातील, अंडी वाढतात त्या नळीत) प्रत्येक अंड्यासोबत पोषक पेशींचा स्वतंत्र गट असतो, तर दुसऱ्यात त्या पेशी नलिकेच्या टोकाशीच राहून तंतूंवाटे अंड्यांना पोसतात. पहिला अडेफागा या उपगणातला आणि जमिनीवर धावणाऱ्या कॅराबिडी कुलाचा आप्त, दुसरा पॉलिफागा या वेगळ्या उपगणातला. त्यांची पोहण्याजोगी ठेवण सदृश आहे, समजात नव्हे.

शंका : म्हणजे आतले साम्य ते समजात आणि बाहेरचे ते सदृश, असे समजावे का?

उत्तर : नाही. भुंगेऱ्याचे टणक वरचे पंख बाहेरच असतात आणि उडण्याऐवजी मुख्यतः झाकण्याचे काम करतात, तरीही ते माशीच्या पुढच्या पंखांशी समजात आहेत. उलट, पीठभुंगेऱ्यात माल्पिगी नलिकांची (कीटकांच्या उत्सर्जनाच्या नळ्यांची) टोके गुदाशयाला घट्ट जखडलेली असतात आणि त्यामुळे विष्ठेतील पाणी परत शोषले जाते; पतंगांच्या बहुतेक अळ्यांतही अशीच जखडण आढळते. (या नलिका ज्याच्या नावाने ओळखल्या जातात त्या माल्पिगीने १६६९ साली ज्या रेशीमकिड्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तोही पतंगाचीच अळी.) नलिका दोहोंत समजात आहेत, परंतु जखडण दोन्ही गटांत स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली असल्यामुळे ती केवळ सदृश ठरते. म्हणून ‘समजात’ लिहिताना कोणत्या बाबतीत, हे त्याच वाक्यात सांगावे, आणि ‘समजात दिसतात’ ऐवजी ‘समजात ठरतात’ असे लिहावे.